मशीन मिळतंय, गिऱ्हाईक कोण देणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात दर आठ-पंधरा दिवसाला एक फोटो हमखास असतो. बचत गटाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन, फीत कापताना कुणीतरी साहेब, मागं ठेवणीतल्या साड्या नेसून उभ्या बायका, टेबलावर लोणची पापड चटण्या आणि खाली ओळ की ग्रामीण महिलांच्या मालाला हक्काची बाजारपेठ मिळणार. बघून बरं वाटतं, नाही असं नाही, पण प्रदर्शन असतं तीन दिवसाचं आणि चटणी करणारीला घर चालवायचं असतं बारा महिने, चौथ्या दिवशी तो उरलेला माल कुणाच्या दारात जातो हे काय कुठं छापून येत नाही म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावायची तर लावा, पण हळदीचं आणि शाळेचं तेवढं ठेवा.

मी पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात किराणा दुकान चालवतो, वडिलांनी टाकलेलं. कुणाच्या घरात काय शिजतंय ते उधारीच्या वहीत दिसतं. पूर्वी लोक दुकानातनं साखर, चहा पावडर, काडेपेटी, साबण, रॉकेल असलं न्यायचे, बाकी ज्वारी, कडधान्य, हळद, चटणी, गूळ, शेंगा हे घरचं नायतर शेजाऱ्याचं. आता हळद पाकिटात, धने-जिरे पावडर पाकिटात, चटणी पाकिटात, गूळसुद्धा पाकिटात, शेंगतेल जाऊन सोयाबीनचा पाच लिटरचा कॅन, आणि पोरांना पाच-दहा रुपयाच्या पुड्या, त्या तर माळेनं टांगलेल्या असतात. मला तक्रार करायचं खरं तर कारण नाही, माझं मार्जिन ह्यातच आहे. पण सकाळी कंपनीचा सेल्समन टेम्पो घेऊन येतो, माल टाकतो, तिथंच मोबाईलवर पैसे घेतो आणि जातो, शंभरातले आठ-दहा रुपये माझ्याकडं राहिले तर राहिले, बाकीचे गावाच्या वेशीबाहेर. समजा गावात पाचशे उंबरा आहे आणि घरटी महिन्याला हजार रुपये नुसते तेल, हळद, चटणी, गूळ आणि फरसाणावर गेले तर महिन्याला पाच लाख, वर्षाला साठ लाख झाले, आणि हे एका गावाचं. एवढा पैसा उंबऱ्यावरून जातोय आणि आपण पारावर बसून म्हणतोय गावात काय काम राहिलं नाही.

आता हळदीचंच घ्या कारण सांगली म्हणलं की हळद. २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन, म्हणजे माल ह्याच भागातला असा सरकारी शिक्का मिळाला, पेपरात मोठ्या बातम्या आल्या, पेढे वाटले. हळद म्हणजे काय सोपं पीक नाही, अक्षय तृतीयेच्या आसपास लावायची, नऊ महिने रानात ठेवायची, थंडी सरत आली की पाला कापून खणून काढायची, मग बायका बसून गड्डे मोडणार, जेठा गड्डा वेगळा, बगल गड्डा वेगळा, हळकुंड वेगळं, सोरा गड्डा वेगळा. पूर्वी काहिलीत पाणी घालून वर हळदीचाच पाला झाकून शिजवायचे, आता वाफेवरचे कुकर आलेत, ट्रॅक्टरमागं लावून रानोरान फिरतात. शिजली का नाही हे जाणता माणूस काडी टोचून बघतो, कच्ची राहिली तर आतनं पांढरट दिसते आणि जास्त झाली तर रंग जातो. मग पंधरा दिवस उन्हात वाळवायची, ढग आले की सगळं घर ताडपत्री घेऊन पळतंय. शंभर किलो ओली हळद वाळून वीस-पंचवीस किलो भरते. मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश, मग सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला. इथपर्यंतचं सगळं मरमर काम आमचं. पुढचं दळून पाकिटात भरायचं काम, ज्याला ना ऊन लागतं ना कंबर मोडते, ते मात्र दुसऱ्याचं. धरा हळकुंडाला किलोला दीडशे मिळाले, मी दुकानात शंभर ग्रॅमचं पाकीट तीस-पस्तीसला विकतो म्हणजे किलोला तीनशे-साडेतीनशे, दळायला फार तर वीस-पंचवीस रुपये येत असतील. मधले कुठं गेले ते तुम्हीच काढा. आणि तेच पाकीट परत आणून मी विकतो कुणाला, तर ज्याच्या अंगणात हळद वाळत होती त्यालाच. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

हरिपूरची पेवं तर तुमच्या वाचकांना माहीत असतील. जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद साठवायचे, वरनं बंद केलं की आत हवा नाही त्यामुळं कीड नाही, वर्षानुवर्षं माल टिकायचा, वीज लागत नाही काय लागत नाही. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, आणि दिवा सोडून बघायचं तो जळतोय का विझतोय. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, त्यातनं तो धंदा काय सावरला नाही. कोल्ड स्टोरेज आली, ठीक आहे, काळ बदलतो. पण शेतकऱ्याला भाव येईपर्यंत माल धरून ठेवता यायचा तो बिनविजेचा आधार गेला आणि कोल्ड स्टोरेजचं भाडं मात्र दर महिन्याला चालू.

मग लोक म्हणतात तुम्ही गावातच का नाही दळत, सरकार मशीन देतंय की. देतंय, खोटं कशाला बोलू. २०२० साली केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रियेची योजना आली, प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाखापर्यंत, बचत गटाच्या बाईला बीज भांडवल चाळीस हजार वेगळं. अन्न परवान्याचं म्हणाल तर उलाढाल लहान असली की नुसती नोंदणी, फी पण किरकोळ. म्हणजे दार काय बंद नाही. आमच्या शेजारच्या गावात एका गटानं असंच कांडप मशीन घेतलं, दळायचं वेगळं, पॅकिंगचं वेगळं, शेड मारलं, बोर्ड लावला, फोटो झाला. आता ते मशीन मार्च ते मे चालतं, उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची असते ना, गावातल्या बायका ब्याडगी, संकेश्वरी मिरच्या घेऊन रांगेत बसतात, शेडमध्ये उभं राहवत नाही एवढा खकाणा असतो, आणि जून लागला की मशीनवर जुनी चादर. बँकेचा हप्ता मात्र पावसाळ्यात पण येतो. त्या बायकांना विचारलं तर म्हणतात भाऊ, करायला आमची ना नाही, पण करून द्यायचं कुणाला?

माझं म्हणणं एवढंच आहे साहेब. ट्रेनिंग झालं, मशीन झालं, लेबल झालं, ब्रँडिंगचं भाषण झालं, पण दर महिन्याला ठरलेला माल ठरलेल्या भावात उचलणारा गिऱ्हाईक कुणी दिला नाही. सगळं उलट्या क्रमानं चाललंय, आधी गिऱ्हाईक बघा मग मशीन द्या.

ह्याला पुरावा पाहिजे तर उसाकडं बघा. सगळे म्हणतात शेतकऱ्याला उसाचं वेड लागलंय, पाणी पितो, आमच्या वाळवा-पलूस-मिरजेकडं कितीतरी जमीन पाणी देऊन देऊन क्षारपड झाली, तरी ऊसच लावतो. अहो वेड कसलं, ऊस लावला की तोडायला टोळी कारखान्याची, न्यायला वाहन कारखान्याचं, दर कायद्यानं ठरलेला, आणि ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसात पैसे द्यायचे हे १९६६ च्या आदेशातच आहे. वेळेवर मिळतात का नाही ते वेगळं, त्यासाठी आंदोलनं होतात, पण निदान भांडायला कायदा आहे आणि समोर एक माणूस आहे. हुलगा पेरला, राळा पेरला, तर कोण आहे समोर? व्यापारी म्हणतो एवढासा माल घेऊन काय करू. आणि मग आपणच सेमिनारमध्ये म्हणायचं की लोकांनी पारंपरिक धान्य सोडलं. सोडलं नाही, घेणाराच राहिला नाही म्हणून सुटलं. २०२३ साल भरडधान्याचं म्हणून जगभर साजरं झालं, आमच्याकडं पण रॅली निघाली, नाचणीचे लाडू वाटले, पुढच्या वर्षी जावळी-पाटणच्या डोंगरातल्या नाचणीवाल्याला कुणी विचारलं का ते मला तरी ऐकू आलं नाही.

तिकडं टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आलं, दुष्काळी पट्टा हिरवा झाला, चांगलंच झालं, पिढ्यानपिढ्या टँकर बघितलेल्या लोकांना पाणी मिळालं त्यावर मी बोलणारा कोण. पण पाण्यामागनं ऊस पण पोचला. जिथं मटकी, बाजरी, हुलगा पिकायचा तिथं आता उसाची कांडी. पाणी आणणाऱ्यांनी त्या मटकीला पण एखादा गिऱ्हाईक आणला असता तर शेतकऱ्यानं निम्मं रान तरी तिला ठेवलं असतं.

आता गिऱ्हाईक कुठनं आणायचा हे मला विचाराल तर पुण्या-मुंबईला पळायची गरज नाही, तो गावातच आहे, शाळेत. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, तो तांदूळ सरकारी गोदामाचा, त्याबद्दल काय म्हणणं नाही. पण त्याच्यासंगट मूगडाळ, मटकी, चवळी, तेल, मोहरी, जिरे, हळद, मिरची पावडर, अगदी कांदा-लसूण मसालासुद्धा, हे पुरवठादाराच्या गाडीतनं शाळेत येतं. विचार करा, सांगली जिल्ह्यातल्या शाळेत हळद गाडीतनं येते! कांदा-लसूण मसाला, जो आमच्याकडं घरोघरी होतो आणि प्रत्येक घर म्हणतं आमच्यासारखा कुणाचाच नाही, तो पण पाकिटात. स्वयंपाक करणारी बाई गावातलीच, महिना अडीच हजारावर राबणारी, ती घरी स्वतःची चटणी वापरते आणि शाळेत पाकीट फोडते.

कुणी म्हणेल एका शाळेला हळद लागून लागून किती लागणार, महिन्याला किलोभर. बरोबर आहे. पण जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळाच हजाराच्या वर, त्यात अंगणवाड्या धरा, वसतिगृहं, आश्रमशाळा, सांगली-मिरजेचे सरकारी दवाखाने, कारखान्यांची कँटीन, एसटी स्टँडवरची कँटीन. एका तालुक्याची हळद, तिखट, मसाला आणि कडधान्य जरी त्या तालुक्यातल्या गटाकडनं नायतर शेतकरी कंपनीकडनं घ्यायचं ठरलं तर ते चादरीखालचं मशीन बारा महिने फिरेल. मुख्य म्हणजे गटाला माहीत असेल की जुलैत एवढं, ऑगस्टमध्ये एवढं, त्या हिशोबानं ती बाई शेतकऱ्याला सांगेल तू दहा गुंठे मटकी कर मी घेते. ह्याला दुसरं कुठलं पॅकेज लागत नाही, लागतो एक शासन निर्णय आणि तालुक्याला एक तपासणारा माणूस. टेंडरच्या अटी बघा एकदा, एवढ्या कोटीची उलाढाल पाहिजे, एवढ्या वर्षाचा अनुभव पाहिजे, कुठला बचत गट त्यात बसणार? अट घालणाऱ्याला हे कळत नाही असं मला वाटत नाही.

आणि पैसे वेळेवर. हे सगळ्यात मोठं दुखणं. आमची मंडळी पण एका गटात आहे, त्या बायकांनी भडंग आणि शेंगदाण्याची चटणी शहरातल्या एका मोठ्या दुकानाला दिली, नाव कशाला घेऊ. दिवाळीला दिलेल्या मालाचे पैसे उन्हाळ्यात आले, ते पण रिटर्न कापून, न खपलेली पाकिटं मुदत संपल्यावर परत पाठवली आणि वर गाडीभाडं गटाच्याच माथी. तोपर्यंत चिरमुरेवाला, शेंगदाणेवाला, पिशव्यावाला सगळे दारात, बायकांनी घरातले पैसे घालून भागवलं, एकीनं तर गळ्यातलं गहाण ठेवलं आणि नवऱ्याला सांगितलं नाही. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसाच्या आत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, न दिले तर व्याज द्यावं लागतं, हे मला पण नंतर कळलं, बायकांना कोण सांगणार. आणि सांगितलं तरी सात-आठ बायकांचा गट त्या दुकानावर केस टाकणार का, उद्या माल कोण घेणार मग. म्हणून म्हणतो शाळा आणि दवाखान्यासारखा गिऱ्हाईक असला तर तिथं तरी सरकारनं स्वतःचाच कायदा पाळावा, उलट त्याच्याही आधी, पंधरा दिवसात पैसे खात्यावर. ऊसवाल्याला चौदा दिवस, मग चटणीवालीनं काय घोडं मारलंय?

आता आमच्या माणसांबद्दल पण बोलतो, नायतर म्हणाल हा नुसता सरकारच्या नावानं खडे फोडतोय. गावरान म्हणून जे खपवतात त्यातलं सगळं गावरान नसतं हे दुकानदार म्हणून मला चांगलं माहीत आहे. गुळाचं बघा. पूर्वी थंडीत शिवारात गुऱ्हाळं लागायची, चरकातनं रस काहिलीत, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ, म्हणजे बाहेरचं सरपण नाही, उसाचं उसालाच. रानभेंडीचा चिकट रस टाकून मळी वर आणायची, ती झाऱ्यानं काढायची. गुळव्या पाक पाण्यात टाकून गोळी बघायचा, बोटात फिरवून सांगायचा आता उतरवा, अर्धा मिनिट इकडंतिकडं झालं की सगळी काहील वाया. एक टन उसाचा शंभर-सव्वाशे किलो गूळ. तो गूळ तांबूस-काळसर असायचा, पावसाळ्यात पाझरायचा, पण त्याला वास होता. मग व्यापाऱ्यानं सांगितलं पिवळाधमक पाहिजे, तर आमच्याच लोकांनी हायड्रोस, म्हणजे रंग उजळायची पावडर टाकायला सुरुवात केली, पुढं साखर स्वस्त झाली तेव्हा काहिलीत साखरेची पोती रिकामी करायला लागले. गिऱ्हाईकानं रंगाचे पैसे दिले, गुळव्यानं रंग दिला. आता तेच शहरातले लोक काळा गूळ शोधत फिरतात दुप्पट दरानं, आणि तो काळा असला म्हणजे चांगलाच असं पण नाही, नुसता करपलेला पण काळाच दिसतो. गुळव्ये म्हातारे झाले, त्यांची पोरं त्या आगीपुढं उभी राहत नाहीत, त्यांचं पण चुकत नाही. त्यामुळं शाळेला माल द्यायचा तर तपासणी कडक पाहिजे हे मी आधीच सांगतो, हळदीत रंग सापडला की तो गट कायमचा बाद, तिथं बचत गट म्हणून दया नको. घरचं आहे म्हणजे शुद्धच आहे असल्या भरवशावर धंदा चालत नाही.

दुसरा गिऱ्हाईक हायवेवर आहे. शिरवळपासनं पेठ नाक्यापर्यंत पुणे-बेंगळुरू रस्ता आपल्या सातारा-सांगली दोन जिल्ह्यातनं जातो, रात्रंदिवस गाड्या, जागोजागी फूड मॉल. आत जाऊन बघा, साताऱ्याच्या छातीवर उभं राहून साताऱ्याचं काय मिळतं? कंदी पेढे मिळतात, महाबळेश्वरचा जॅम मिळतो, बाकी मग इडली, पिझ्झा, पनीर. आणि ह्याच पट्ट्यात एक भारी गोष्ट कुणाच्याही योजनेशिवाय झालीय ती म्हणजे अख्खा मसूर. इस्लामपूर-कराडकडं ढाब्याढाब्यावर पाट्या, लोक गाडी वाकडी करून खायला येतात, ढाब्याच्या मागं चुलीवर भाकरी थापणाऱ्या बायका, त्यांना रोजचा रोज पैसा. कुणी ब्रँडिंग केलं नाही, लोगो नाही काय नाही. फक्त गंमत बघा, मसूर आपल्याकडं फारसा पिकत नाही, तो येतो बाहेरच्या राज्यातनं! आणि आपला कोरेगावचा वाघ्या घेवडा, अंगावर वाघासारखे लाल पट्टे असलेला, त्याला पण जीआय आहे, तो पोत्यात भरून दिल्लीकडं जातो, तिथं राजमा म्हणून खातात. एखाद्या ढाबेवाल्यानं मसुराशेजारी वाघ्या घेवड्याची पाटी का लावू नये? हुलग्याचं माडगं, शेंगोळे, बाजरीची भाकरी आणि खर्डा, हे काय गरिबाचं खाणं म्हणून लाजायचे दिवस राहिले नाहीत, पुण्याचे लोक हुरड्याला हजार रुपये माणशी देऊन येतात की. लाजतोय आपणच. गावातल्या लग्नात आता जेवणात मंच्युरियन असतं, ते पण थंडगार, आणि वाढपी विचारतो अजून घ्या की.

होत नाही असं काय नाही. भिलवडीचे चितळे १९३९ साली दुधाचा धंदा घेऊन गावातच उभे राहिले, आजूबाजूच्या गोठ्यातलं दूध दोन वेळा घेणारा माणूस मिळाला म्हणून इकडं म्हशी टिकल्या. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हांनी १९९७ साली बायकांची बँक काढली, माणदेशी, रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता कारण सभासद बायका अंगठेबहाद्दर, तर त्या बायकांनी सांगितलं आम्हाला व्याजाचा हिशोब घालून बघा, तोंडी सांगतो. दुष्काळी तालुक्यात ती बँक चालली कारण बाजारात बसलेल्या बाईला सोसवेल एवढं कर्ज आणि रोजच्या रोज वसुली, तिचा धंदा बघून पैसा, मशीन बघून नाही. महाबळेश्वरजवळ मांघर गाव २०२२ ला देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, सातेरी माश्यांच्या पेट्या घरोघरी पूर्वीपासूनच होत्या, फरक एवढाच की पर्यटक आता मध घ्यायला गावात जातो, गावाला महाबळेश्वरच्या बाजारात बाटली घेऊन उभं राहावं लागत नाही. तिन्हीत घेणारा दाराशी आला किंवा पैसा दाराशी आला, मग बाकीचं लोकांनी स्वतः केलं.

आणि हे आत्ताच का म्हणाल तर गावात माणूस राहिला नाही. खानापूर-आटपाडीची पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर, पाटण-जावळीची मुंबईला माथाडीत नायतर आता डिलिव्हरीच्या गाडीवर. यात्रेला गाव भरतं, चार दिवस माझ्या दुकानात कोल्ड्रिंक पुरत नाही, पाचव्या दिवशी परत म्हातारी माणसं आणि मी. परत या म्हणून पोरांना भावनिक मेसेज पाठवून कोण येत नाही साहेब, महिन्याला पंधरा-वीस हजार गावात पडतात असं दिसलं तर न बोलावता येतील. बेदाण्याच्या रॅकवर, हळद शिजवायच्या कुकरवर हंगामात काम असतंच, अडचण बाकीच्या आठ महिन्यांची आहे, आणि ते आठ महिने दळण, पॅकिंग, पोचवणी ह्यातनंच भरू शकतात.

मी माझ्या दुकानात सुरुवात केलीय थोडी. एक फळी गावातल्या मालाला दिलीय, दोन गटांची हळद, एकाची चटणी, एका पोराचं लाकडी घाण्याचं शेंगतेल. हळद खपते, कारण लोक ओळखतात कुणाची आहे. तेल नाही खपत, अडीच किलो शेंगदाण्यातनं एक लिटर निघणार मग ते कॅनच्या भावात कसं बसणार, लोक हातात घेतात, भाव विचारतात, ठेवतात. लोकांना दोष देत नाही, महिन्याचं बजेट त्यांना पण आहे. पेंड मात्र लगेच उचलली जाते, म्हशीला चांगलं पाहिजे, माणसाला कॅन चालतो. उधारी पण दोन्हीकडनं अंगावर येते, गटाला रोख द्यायचे आणि गिऱ्हाईक म्हणणार वहीत मांडा, त्यामुळं एकट्या किराणा दुकानदारानं हे होणारं काम नाही.

तर साहेब, तुम्हाला एक काम सांगतो, राग मानू नका. तुमच्या पेपरात रोज हळद, गूळ, बेदाण्याचे बाजारभाव छापून येतात, आम्ही वाचतो. एकदा तुमच्या वार्ताहराला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायला सांगा सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हा परिषदांत, की गेल्या वर्षी शाळांच्या पोषण आहारासाठी हळद, मिरची पावडर आणि कांदा-लसूण मसाला किती किलो घेतला, कुणाकडनं घेतला, किलोला काय भावानं घेतला आणि त्यातला किती माल जिल्ह्यातल्या बचत गटांचा होता. उत्तर येईल ते बाजारभावाच्या शेजारीच छापा, आणि पुढच्या प्रदर्शनाच्या फोटोला जे साहेब फीत कापायला येतील त्यांना तेच आकडे दाखवून विचारा.

आपला,
एक किराणा दुकानदार, ता. पलूस, जि. सांगली